'बामी वेदर' म्हणजे नेमकी कशी हवा? देवळालीच्या थंडीला हा शब्द चालतो का?

हिवाळा सुरू झाला की देवळाली कॅम्पचे फोटो आणि रील्स सोशल मीडियावर दिसू लागतात. त्यातल्या काहींवर कॅप्शन असतं, 'बामी वेदर'. पण पहाटे स्वेटर-कानटोपी घालून काढलेल्या फोटोला हा शब्द बसत नाही. का, ते जाणून घेऊया.

अर्थ काय?

बामी म्हणजे सुखद, किंचित उबदार आणि मऊ हवा. हा शब्द 'बाम'वरून आला. बाम म्हणजे वेदना शमवणारा सुगंधी लेप. डोकं दुखल्यावर आपण लावतो, तोच हा बाम! स्पेलिंगमध्ये 'एल' असला तरी उच्चार 'बाल्मी' नाही, 'बामी'.

कधी वापरायचा?

नुसता गारवा असेल तर 'कूल', बोचरी थंडी असेल तर 'चिली', दमट उकाडा असेल तर 'मगी' म्हणा. जानेवारीच्या दुपारी स्वेटर काढून ठेवावासा वाटतो, ती हवा 'बामी'. वाऱ्याची सुखद झुळूक असेल तर 'बामी ब्रीझ'.

माणसाला मात्र म्हणू नका

इंग्रजीत 'बार्मी' म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द 'बार्म'वरून, म्हणजे दारू आंबताना वर येणाऱ्या फेसावरून आला. ब्रिटिश उच्चारात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. त्यामुळे 'बामी'लाही हा अर्थ चिकटला.

देवळालीने दिलेला शब्द

याच अर्थाचा आणखी एक इंग्रजी शब्द आहे 'डूलॅली', आणि तो थेट देवळालीवरून आलाय! 19व्या शतकात ब्रिटिशांनी इथे लष्करी छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची इथे वाट पाहत. ही जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची. हंगाम हुकला की अनेक महिने मुक्काम. काम नाही, उन्हाळ्याची काहिली, आजारपण आणि घरची ओढ. यात काहींचं मानसिक संतुलन बिघडायचं. त्याला सैनिक म्हणू लागले, 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

पुढे हेच देवळाली हवापालटासाठी प्रसिद्ध झालं, इथे सॅनेटोरियम उभी राहिली. इंग्रजीत मात्र गावाचं नाव आजही वेडासाठीच वापरलं जातं. म्हणून कुणी गमतीत 'डूलॅली' म्हटलं, तर त्यामागे घरी जायची वाट पाहून थकलेली माणसं होती, हे लक्षात ठेवा.