हिराकस : उसाला आणि समुद्राला

मी निवृत्तीनंतर साताऱ्यात राहतो. शेती सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यात. तिथल्या चुनखडीच्या रानात उसाची पाने पिवळी-पांढरी पडतात. त्याला केवडा म्हणतात. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते मिळत नाही. मग धाकटा भाऊ पाण्यात हिराकस विरघळवून फवारतो.

दक्षिण महासागराचीही जवळपास हीच गत. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांना हरितद्रव्य घडवायला आणि नायट्रेट वापरायला लोह लागते. पण समुद्राच्या पाण्यात लोहाचा गंज होतो आणि तळाशी जातो. लोहाअभावी शेवाळाची वाढ खुंटते, हे जॉन मार्टिन यांनी १९८८ साली मांडले.

२००९ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मनीचे व्हिक्टर स्मेटासेक 'पोलारस्टर्न' जहाजाने तिकडे निघाले. प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातले 'लोह' आपलेच! सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात त्यांनी चक्क हिराकस सोडले. शेवाळ वाढेल, हवेतला कर्ब घेऊन तळाशी जाईल, तापमानवाढीवर उतारा मिळेल, अशी आशा होती.

शेवाळ वाढले. पण त्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून काचेसारख्या कवचाचे डायटम फोफावले नाहीत. इतर शेवाळ चिमुकल्या जलचरांनी फस्त केले. कर्ब फारच थोडा खाली गेला.

भावाला हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "अण्णा, खत घातलं खरं, पण राखण कोण करणार हुतं?"

वर्गात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. असो.