‘लिलीहॅमर’ : नॉर्वेच्या बर्फात माफियाचा नवा डाव

‘लिलीहॅमर’ ही गुन्हेगारी विश्वावरील नॉर्वेजियन विनोदी दूरचित्रवाणी मालिका. आनं ब्योर्नस्टाड आणि आयलिफ स्कॉडविन हे दाम्पत्य तिचे निर्माते-लेखक. २०१२ ते २०१४ या काळात तिची तीन पर्वे, एकूण २४ भाग, प्रसारित झाले.

कथानक
न्यूयॉर्कच्या माफियातील फ्रँक टॅलियानोवर प्राणघातक हल्ला होतो. तो बचावतो, त्याची लाडकी कुत्री लिली मात्र मारली जाते. टोळीच्या नव्या म्होरक्याविरुद्ध साक्ष देण्याच्या बदल्यात तो सरकारकडे लिलहामर येथे आश्रय मागतो. कारण एवढेच, की १९९४ चे हिवाळी ऑलिम्पिक पाहताना ते गाव त्याच्या मनात भरलेले असते. जोव्हानी हेन्रिक्सन या नावाने तो तेथे पोहोचतो आणि सर्वसामान्य स्थलांतरितांप्रमाणे ‘नाव्ह’ या रोजगार व कल्याण कार्यालयाच्या दारात उभा राहतो. नियमांपुढे दरारा चालत नाही, हे ध्यानी येताच तो तेथील अधिकाऱ्यालाच कोंडीत पकडतो आणि ‘फ्लमिंगो’ हा बार थाटतो.

निर्मिती व प्रसारण
फ्रँकची भूमिका ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘ई स्ट्रीट बँड’चे गिटारवादक आणि ‘द सोप्रानोज’मधील सिल्व्हिओ दांते स्टीव्हन व्हॅन झँड्ट यांनी साकारली. लेखन व निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. जानेवारी २०१२ मध्ये ‘एनआरके’ या सार्वजनिक वाहिनीवरील पहिला भाग सुमारे दहा लाख प्रेक्षकांनी पाहिला. तेव्हा देशाची लोकसंख्या जेमतेम पन्नास लाख होती. ६ फेब्रुवारी २०१२ रोजी नेटफ्लिक्सने पहिले पर्व एकदम उपलब्ध केले. ‘हाउस ऑफ कार्ड्स’च्या वर्षभर आधी आलेली ही नेटफ्लिक्सची पहिली ‘स्वतःची’ मालिका ठरली. अखेरच्या भागाचे दिग्दर्शन व्हॅन झँड्ट यांनी केले. त्यात स्प्रिंगस्टीनही फ्रँकच्या भावाच्या भूमिकेत झळकले.

वैशिष्ट्य
फ्रँक इंग्रजीत बोलतो, गावकरी नॉर्वेजियनमध्ये उत्तर देतात, तरीही संवाद अडत नाही. विनोद या अंतरातून फुलतो. मात्र मालिकेचा खरा प्रश्न गंभीर आहे: परक्या समाजात रुजताना नेमके कोण बदलते? फ्रँक शिस्त पुरती शिकत नाही; उलट टोर्गेइर लीनसारखी सालस माणसे त्याच्या वाटेने जाऊ लागतात. नव्या नावाने कागदपत्रे बदलतात, स्वभाव नव्हे, हे ‘लिलीहॅमर’ हसत हसत सांगते.