परक्याचें दार

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली येथील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक प्रसंग वरचेवर घडतो. नुकताच पदवी घेतलेला मुलगा पाठीवर एकच पिशवी अडकवून महिनाभर युरोपांत हिंडून येण्याचा बेत जाहीर करतो. पैसे बेताचे असतात. म्हणून रात्रीची आगगाडी, वसतिगृहांतली एखादी खाट, आणि जमेल तेथें कोणा स्थानिक कुटुंबाच्या घरीं मुक्काम, असा त्याचा हिशेब असतो. वडील खर्चाचा आंकडा विचारतात. आई विचारते, ‘‘ओळख ना पाळख, परक्याच्या घरीं उतरणार तरी कसा?’’ दोहोंपैकीं आईचा प्रश्न अधिक जुना आहे, आणि त्याचें उत्तर इतिहासांत शोधण्यासारखें आहे.

थोड्या पैशांत परमुलूख पाहूं इच्छिणाऱ्याला तीन दारें ओलांडावीं लागतात. एक आपल्याच समाजाचें, दुसरें राज्यसत्तेचें, आणि तिसरें त्या परक्या गृहस्थाचें, ज्याच्या छपराखालीं रात्र काढावयाची असते. भीति वाटते ती तिसऱ्या दाराची. परंतु मागील दीडशें वर्षांच्या हकीकती चाळून पाहिल्या, तर वाटसरू अडला तो बहुधा पहिल्या दोन दारांपाशीं. तिसरें दार पुष्कळदां ठोठावतांच उघडलें, असें दिसून येतें.

पायीं चालणें आणि वाटेवरच्या गांवानें घातलेलें अन्न खाणें ही रीत महाराष्ट्राला नवी नाहीं. पंढरीची वारी याच बळावर शतकानुशतकें चालत आली आहे. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घरचें कर्ज फेडण्यासाठीं, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें, उत्तरेस निघाले. बंडाच्या धामधुमींत ते सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, लुटले गेले, आणि तरीहि जिवंत घरीं परतले. ‘माझा प्रवास’ हें त्यांचें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. या साऱ्या भ्रमंतींत भटजींना एक आधार होता. शेंकडों कोसांवरचा यजमानहि स्नानसंध्या करणाराच असे, आणि त्याच्या पंक्तीस बसण्यास अडचण नसे. घर परकें असलें तरी पंक्ति आपली होती. जेथें पंक्तीच परकी, त्या मुलखांत जाणें ही निराळी गोष्ट होती.

ती निराळी वाट धरणाऱ्या पहिल्या काहीं जणांत कल्याणची एक मुलगी होती. तिचा मुक्काम युरोपाच्याहि पलीकडे, अमेरिकेंत पडला; परंतु परक्या घरीं राहणें म्हणजे काय, हें तिच्या हकीकतीइतकें स्पष्ट क्वचितच दिसेल. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणासंबंधीं गोपाळरावांनीं लिहिलेलें पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकांत छापून आलें होतें. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीनें तें दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहतांना वाचलें आणि अनोळखी मुलीला पत्र धाडलें. पत्रांतून स्नेह जुळला, आणि आनंदीबाई त्या बाईंना मावशी मानूं लागल्या. एप्रिल १८८३ मध्यें अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या व जूनमध्यें त्या घरीं पोंचल्या. आपला धर्म, आपला पोशाख आणि आपला शाकाहार न सोडतां त्या ख्रिस्ती कुटुंबांत त्या घरच्याच होऊन राहिल्या. १८८६ सालीं पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली; फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि ती त्या कुटुंबानें आपल्या पूर्वजांच्या दफनभूमींत ठेविली. पाहुणीला यजमानानें याहून अधिक जवळची जागा ती कोणती द्यावी?

समुद्राच्या पलीकडे दार असें उघडलें जात असतां अलीकडे मात्र तें लावून घेतलें जात होतें. १८८८ सालीं मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हां त्यांच्या ज्ञातीची सभा मुंबईंतच भरली. त्यांना वाळींत टाकण्यांत आलें, आणि जो त्यांना मदत करील किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठरला. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याचें प्रकरण उद्भवलें, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाहि पुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. पेठेंतल्या मिशनचा चहा जेथें पचत नव्हता, तेथें युरोपांतील घराचा पाहुणचार कोणाला पचणार?

गांधींनीं मात्र दंडाकडे लक्ष दिलें नाहीं. लंडनांत प्रथम त्यांनीं एका कुटुंबांत पैसे देऊन राहण्याजेवण्याची सोय केली. पुढें खर्च डोईजड वाटूं लागतांच एकच खोली घेतली, हातानें स्वयंपाक केला, गाडीभाडें वांचविण्यासाठीं रोज मैलोगणती पायपीट केली, आणि अन्नाचा खर्च दिवसाला सव्वा शिलिंगावर आणला. १८८९ सालीं पॅरिसचें मोठें प्रदर्शन पाहण्यास ते गेले, तेव्हां एका शाकाहारी उपाहारगृहांत खोली घेऊन सात दिवस राहिले, आणि नकाशा हातीं घेऊन बहुतेक शहर त्यांनीं पायींच पाहिलें. आयफेल मनोऱ्यावर जेवल्याचें समाधान मिळावें म्हणून सात शिलिंग उडविले, तेवढी एक उधळपट्टी त्यांनीं प्रांजळपणें नोंदवून ठेविली आहे. आजच्या पाठपिशवीवाल्या तरुणाला हा जमाखर्च ओळखीचा वाटावा.

त्या काळीं एक गोष्ट सुलभ होती. १९१४ पूर्वीं पश्चिम युरोपांत पुष्कळ ठिकाणीं पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. महायुद्धानें ती सवलत संपविली. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या वतीनें पॅरिस येथें परिषद भरून पासपोर्टाच्या पुस्तिकेचा नमुना ठरला, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थानांतहि पासपोर्टाचा कायदा झाला. पहिलें दार किलकिलें होऊं लागलें, तोंच दुसऱ्याला कुलूप बसलें.

अशा वेळीं, १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापसोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया हीं त्यांचीं नांवें. वयें विशी-पंचविशीचीं, सारे मुंबईंतील एका वजन उचलण्याच्या क्लबाचे सभासद. सायकलीला भाडें लागत नाहीं आणि चाराहि लागत नाहीं. अन्नपाण्याविषयीं ज्ञातीचा निर्बंध त्यांच्यापुढें नव्हता, ही दुसरी सोय. उत्तर हिंदुस्थान, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया व इजिप्त हे देश मागें टाकून ते इटलींत उतरले, आल्प्स पर्वत ओलांडून युरोपांतून इंग्लंडास गेले, आणि तेथून अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम व ब्रह्मदेश या वाटेनें फिरले. वाळवंटांत तहान, डोंगरांत थंडी, कित्येक दिवस उपास, हें सारें त्यांनीं सोसलें. सहांपैकीं हकीम, बापसोला आणि भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परत पोंचले, तेव्हां सुमारें ७१,००० किलोमीटर अंतर त्यांच्या चाकांखालून गेलें होतें. अशी मजल तंबूच्या आणि पैशाच्या बळावर पुरी होत नाहीं. पुढच्या गांवीं कोणी तरी दार उघडील, हा भरंवसा लागतोच.

त्यांच्या मागोमाग १९२४ च्या जानेवारींत मुंबईचे क्रीडापत्रकार फ्रामरोझ दावर एकटेच सायकलीवर निघाले. व्हिएन्ना शहरीं त्यांना गुस्ताव नांवाचा ऑस्ट्रियन सायकलपटू भेटला. अशा भेटींत सामान्यतः रात्रीपुरता आसरा मिळतो. येथें यजमान देशाचा माणूसच सोबती होऊन निघाला. दोघांनीं मिळून सहारा ओलांडलें, ॲमेझॉनचें अरण्य पाहिलें, आणि सात वर्षांचा तो प्रवास १९३१ सालीं पुरा झाला. एक पारतंत्र्यांतल्या देशाचा, दुसरा महायुद्धांत साम्राज्य गमावून बसलेल्या देशाचा. रस्त्यावर दोघांचा दर्जा एकच होता. १९३३ सालीं तिसरी तुकडी निघाली. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे परत आले ते १९४२ सालीं, दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां.

युरोपांत याच सुमारास यजमानपणाला व्यवस्थेचें रूप येत होतें, आणि त्याचा उगम एका शाळामास्तराच्या अडचणींत आहे. जर्मनींतील आल्टेना गांवचे शिक्षक रिखार्ड शिरमान ऑगस्ट १९०९ मध्यें विद्यार्थ्यांना घेऊन पायीं सहलीस निघाले असतां वादळानें गांठलें, आणि एका खेड्यांतल्या शाळेंत सर्वांनीं रात्र काढली. जागेपणीं त्यांच्या मनांत आलें, कीं सुटींत ओस पडणाऱ्या शाळा वाटसरू मुलांना निजावयास कां देऊं नयेत? त्या विचारांतून आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत युवक-वसतिगृह उभें राहिलें, त्याचें अनुकरण देशोदेशीं झालें, आणि १९३२ सालीं ॲम्स्टरडॅम येथें आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. परंतु पुढच्याच वर्षीं जर्मनींत नाझी सत्तेवर आले. वसतिगृहें हिटलरच्या युवक-संघटनेच्या ताब्यांत गेलीं, आणि शिरमान यांना बाजूस व्हावें लागलें. ज्या खाटा कोणाहि मुलाकरितां मांडल्या होत्या, त्यांवर निजण्याचा हक्क सरकार ठरवूं लागलें.

युद्ध संपल्यावर हा धागा पुन्हां उचलला गेला. १९४९ सालीं डेन्मार्कांत ‘सर्वास’ ही चळवळ सुरू झाली. जो वाटसरू शांततेचा इच्छुक आहे, त्याला आपल्या घरीं एक-दोन रात्री विनामूल्य ठेवून घ्यावयाचें, एकत्र जेवावयाचें, बोलावयाचें, एवढाच तिचा विधि. परक्याच्या दिवाणखान्यांत निजण्याची आजची जी पद्धत संगणकावरून चालते, तिची ही वडील बहीण होय.

या सर्वांवर कळस चढविला तो कोंकणांतील गागोदें गांवीं जन्मलेल्या एका महाराष्ट्रीय संतानें. १९६२ सालीं सतीशकुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन येथें जाण्यास निघाले. विनोबा भाव्यांनीं त्यांना सल्ला दिला, कीं जवळ पैसा मुळींच घेऊं नका. पैसा असला म्हणजे थकलेला माणूस खानावळ गांठतो आणि तेथें त्याची कोणाशींहि गांठ पडत नाहीं; पैसा नसला म्हणजे त्याला माणसाचें दार ठोठवावेंच लागतें. दोघे तसेच गेले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, सोव्हिएत देश, पोलंड, जर्मनी, सर्वत्र घरांनीं त्यांना जेवूं घातलें. वाटेंत चहाच्या कारखान्यांतील स्त्रियांनीं चार पुड्या देऊन सांगितलें, कीं ह्या चार राष्ट्रांच्या प्रमुखांना द्या. बाँबची कळ दाबण्यापूर्वीं त्यांनीं एक पेला चहा घ्यावा. पॅरिसमध्यें मात्र निदर्शन केल्याबद्दल त्यांना तुरुंग पाहावा लागला. घरांनीं आणि सरकारांनीं केलेल्या स्वागतांतला हा फरक लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आज समाजाचें दार सताड उघडें आहे. परदेशीं जाणाऱ्याला निरोप द्यावयास सारी सोसायटी खालीं उतरते. राज्याचें दार मात्र पूर्वींहून जड झालें आहे. युरोपांतील शेंगेन करारांतल्या देशांना एकमेकांच्या सरहद्दी जवळजवळ उरल्या नाहींत, पण तेथें शिरूं इच्छिणाऱ्या भारतीय तरुणाला बँकेंतली शिल्लक, परतीची व्यवस्था, ३०,००० युरोंचा विमा आणि मुक्कामाचा पुरावा दाखवावा लागतो. मित्राच्या घरीं उतरावयाचें म्हटलें, तर फ्रान्समध्यें त्या मित्राला नगरपालिकेंतून तसा दाखला आणावा लागतो. विनोबांचा सल्ला घेऊन कोणी रित्या खिशानें निघालाच, तर त्याची यात्रा व्हिसाच्या खिडकीपाशींच संपेल.

तिसऱ्या दाराविषयीं मात्र आईनें निर्धास्त व्हावें, असें इतिहास सांगतो. तारतम्य हवेंच, गोडसे भटजीहि लुटले गेले होते. परंतु आईच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे. मुलगा तेथील चार घरीं जेवून, निजून परत येईल. उद्यां त्या घरांतला कोणी पाठीवर पिशवी घेऊन घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या जिन्यावर उभा राहिला, तर काय होईल? फाटकावरचा पहारेकरी वहींत त्याचें नांव लिहून घेईल, चिटणीस चौकशी करतील, आणि परदेशी पाहुणा घरीं उतरल्याची वर्दी चोवीस तासांच्या आंत सरकारास द्यावी लागेल. हें सर्व करून त्याच्यासाठीं बाहेरच्या खोलींत गादी घातली जाईल काय?

याचें उत्तर देण्यापूर्वीं उपनगरांतल्या घरांनीं आपलाच पूर्वेतिहास आठवावा. कोंकणांतून बोटीनें किंवा घाटावरून आगगाडीनें आलेला कोणी आजोबा, पणजोबा एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गिरगांव-परळच्या दहा-बाय-दहाच्या खोलींत दूरच्या गांवकऱ्याकडे उतरला होता. त्या खोलींत अगोदरच सातजण निजत होते. आठव्यासाठीं कोणी तरी कूस बदलली. पुढें नोकरी लागली, आणि मग कधीं तरी अंधेरी-मुलुंडची जागा झाली. त्या गांवकऱ्याचें ऋण त्याला परत करतां येत नाहीं, कारण तो आतां नाहीं. तें फिटावयाचें तर पुढच्या वाटसरूच्याच हातीं फिटावयाचें. आणि तो वाटसरू बहुधा परकाच असतो.