मातीवरची शिरगणती

‘पगमार्क’ हा शब्द मोठा गमतीचा. ‘पग’ म्हणजे पाय, आपल्याच मुलखातला. साहेबाने उचलला, मागे ‘मार्क’ चिकटवला आणि आपल्यालाच परत दिला. असो.

पावसाळा सरला की येऊरच्या ओढ्याकाठी ओल्या मातीत ठसे छान उमटतात. चार बोटे, नखांची खूण नाही आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, म्हणजे मांजरकुळ. पाऊल चांगले मोठे असेल तर येऊरला तो बिबट्याच. नखे उमटली असली तर बहुधा पाड्यावरचा कुत्रा! (इथे बरोबरची मंडळी हमखास हिरमुसतात.)

पण ठसा कोणाचा हे ओळखणे वेगळे आणि ठशांवरून जनावरे मोजणे वेगळे. १९६६ साली ओडिशात सरोज राज चौधरी यांनी ती पद्धत बसवली. वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा, मग साचे ताडून वाघ मोजायचे. १९७२ च्या देशव्यापी गणतीत १८२७ वाघ भरले. आकडा किती नेमका! पण तोच पाय चिखलात पसरतो, धुळीत आवळतो, आणि गिरवणारा हात बदलला की आकारही बदलतो. उल्हास कारंथ हे १९८० च्या दशकापासून सांगत होते. ऐकतो कोण? २००४ मध्ये सरिस्कात कागदावर सोळा-अठरा वाघ होते; २००५ उजाडले तेव्हा एकही नव्हता. त्यानंतर कुठे कॅमेरे आले, आणि २००८ मध्ये देशाचा आकडा निघाला १४११.

आपल्याकडे प्रश्न बिबट्यांचा. २००४ साली बोरिवली-ठाण्याच्या जंगलाभोवती माणसे मेली, तेव्हा मूळचे बिबटे किती आणि बाहेरून पकडून आणून सोडलेले किती, हे कळणे जीवनमरणाचे होते. साच्यांवरून ते सांगता येण्यासारखे नव्हतेच. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी मात्र प्रत्येकाची निराळी. त्यावरून २०१५ च्या अभ्यासात इथले ३५ बिबटे वेगवेगळे ओळखले गेले.

२०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या आला तो सीसीटीव्हीत दिसला. २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला तर तो थेट इमारतीत शिरला. तिथल्या फरशीवर कसले ठसे शोधणार! जंगलात मात्र कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे आजही पायवाटेवरचे ठसे आणि विष्ठा बघूनच ठरते.