एक यंत्र, अनेक बिल्ले : ‘मेटॅडोर’च्या निमित्ताने

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेली आष्टी वर्धा जिल्ह्यातील, १९४२ च्या ऑगस्टमधील उठावामुळे इतिहासात नोंदली गेलेली. एका नावाची अनेक स्थळे असतात, याचे भान इतिहासाच्या अभ्यासकाला सहसा असते. परंतु एकाच वस्तूला अनेक नावे असतात तेव्हा लागणारी सावधगिरी यंत्रोद्योगाच्या इतिहासलेखनात पुष्कळदा सुटते. तिचा विचार येथे करावयाचा आहे.

संत्र्यांच्या हंगामात आष्टीच्या परिसरात बागेतला माल नेणारी छोटी मालगाडी कोणत्याही कारखान्याची असो, तिला बहुधा ‘मेटॅडोर’ असेच म्हटले जाते. वस्तुतः त्या नावाची मूळ गाडी आता तयार होत नाही. नाव टिकले आणि वस्तू बदलली. भाषाशास्त्रात यास अर्थविस्तार म्हणतात. मात्र या शब्दामागील वस्तूचा शोध घेऊ लागल्यास असे दिसते, की ती वस्तूही कधी एका नावाची नव्हती.

जर्मनीतील हांबुर्ग येथील विडाल आणि पुत्र ही पेढी ‘टेंपो’ या नावाने हलक्या मालगाड्या बनवीत असे. तिच्या ‘हान्सिआट’ या तीनचाकी गाडीचे उत्पादन बजाज टेंपो कंपनीने १९५८ मध्ये मुंबईतील गोरेगाव येथे सुरू केले. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस उभा राहिला आणि १९६९ मध्ये तेथून ‘मॅटाडोर’ बाहेर पडली. या गाडीत पुढची चाके चालक होती. त्यामुळे मागील चाकांपर्यंत शक्ती नेणारा दांडा लागत नसे व मालाचा तळ जमिनीपासून कमी उंचीवर ठेवता येई. पाठीवरून पोती चढविणाऱ्या हमालास ही सोय किती मोलाची, हे सांगावयास नको.

दरम्यान मूळ पेढी हानोमाग कंपनीच्या ताब्यात गेली होती आणि तेथील गाडीवर हानोमाग, मग हानोमाग-हेन्शेल अशी नावे येत गेली. हा उद्योग डाइम्लर-बेन्झने घेतल्यावर, १९७० नंतर, त्याच वंशातील गाडी मर्सिडीझचा तारा लावून विकली जाऊ लागली. म्हणजे आकुर्डीची मॅटाडोर आणि जर्मनीतील ती मर्सिडीझ या एकाच घराण्यातील होत. बिल्ल्यावरून मात्र हे नाते कोणासही कळणार नाही.

याच सुमारास आपल्याकडे नेमके उलट घडले. टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूर येथे ट्रक बनविण्यास आरंभ केला. त्या ट्रकवर मर्सिडीझचा तारा असे. १९६९ मध्ये कराराची मुदत संपली, तारा उतरला आणि ‘टाटा’चे चिन्ह चढले. एकीकडे तारा चढला, दुसरीकडे उतरला. दोन्ही ठिकाणी यंत्र मात्र बिल्ल्याबरोबर बदलले नाही. केवळ जाहिराती पाहणारा अभ्यासक या काळात दोन नव्या गाड्या जन्मास आल्या असे लिहील, आणि ते चूक ठरेल.

कुर्ल्याचे उदाहरण याहून बोलके आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून क्रायस्लर समूहाचे ट्रक डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांनी निघत. त्यांत भेद प्रामुख्याने दर्शनी पट्टीचा व अक्षरांचा होता. ग्राहकास ही तीन घराणी वाटत, पण मिस्त्रीच्या लेखी ती तीन टोपणनावे होती. कोणता सुटा भाग कोणत्या गाडीस बसतो, हे ज्ञान त्याच्या हातात होते. ते कागदावर फारसे उतरले नाही, ही आपल्या औद्योगिक इतिहासाची मोठी हानी होय.

आता आष्टीच्या ‘मेटॅडोर’कडे परत येऊ. लोकांनी बिल्ला नाकारला, हे खरे. परंतु म्हणून त्यांनी यंत्राचे साम्य ओळखले, असे म्हणणे घाईचे होईल. आज त्या नावाने हाक मारल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांची मागची चाके चालक असतात. यंत्रदृष्ट्या त्या जुन्या मॅटाडोरच्या वंशातील नव्हेत. लोकांनी वर्गीकरण केले ते कामावरून. ट्रकहून लहान, बागेच्या वाटेने आत शिरणारी आणि माल बाजारास नेणारी, ती मेटॅडोर.

तात्पर्य, बिल्ला मालकी सांगतो, यंत्र वंश सांगते आणि बोलीतील नाव काम सांगते. या तीन साक्षी परस्परांच्या जागी ठेवता येत नाहीत. एखादा वृद्ध चालक ‘मी मेटॅडोर चालवीत असे’ असे सांगतो, तेव्हा संशोधकाने ते उत्तर लिहून घेऊन थांबू नये. गाडी कोणत्या वर्षीची, कोणती चाके ओढीत, सुटे भाग कोठून येत, हे विचारावे. अशी माहिती सांगणारी पिढी आता थकली आहे. तिच्या स्मृतीतील नाव टिपले आणि वस्तू निसटली, तर पुढील अभ्यासकाच्या हाती केवळ शब्द उरेल.