हौशी धांवणारा कोण ?

धांवणें मनुष्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. लहान मूल चालूं लागतें न लागतें तोंच धांवूं लागतें, पडतें, आणि उठून पुन्हा धांवतें. परंतु धांवण्याची हौस ही मात्र समाजाची निर्मिति आहे. कोणी धांवावें, कशासाठीं धांवावें, आणि धांवल्याबद्दल मोबदला घेतला असतां धांवणाऱ्याची योग्यता कमी होते कीं काय, हे प्रश्न निसर्गानें उपस्थित केलेले नाहींत. ते इतिहासानें केलेले आहेत. आज मुंबई-पुण्यापासून थेट पूर्व टोंकाच्या गोंदियापर्यंत रस्त्यांवरील सार्वजनिक शर्यतींचें पीक आलेलें दिसतें. अशा वेळीं या प्रश्नांचा थोडा मागोवा घेणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या देशांत लांब पल्ल्याचें धांवणें हें प्रथम पोटाचें साधन होतें. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारांत जासूद, हरकारे आणि कासीद यांचे उल्लेख ठिकठिकाणीं आढळतात. जासूद बहुधा जोडीनें पाठवीत; वाटेंत एकास कांहीं बरेंवाईट झालें तरी दुसऱ्यानें पत्र पोंचवावें, हा त्यांतील हेतु. मोठमोठ्या मसलती या माणसांच्या पायांवर अवलंबून असत. पुढें इंग्रजी अमदानींत टपालखात्यानें याच पायांचा उपयोग करून घेतला. खांद्यावर टपालाची थैली आणि हातांत घुंगरें बांधलेला भाला घेऊन रानावनांतून पळत जाणारा डाकवाला हें त्या काळचें परिचित दृश्य होतें. घुंगरांचा नाद हीच त्याची श्वापदांपासून संरक्षणाची तजवीज. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या पत्रांवरून आम्ही आपला इतिहास लिहितों, त्या पत्रांवर लिहिणाराचें नांव असतें आणि ज्यास लिहिलें त्याचेंहि असतें. परंतु ज्यानें तें ऊनपावसांतून धांवत नेलें त्याचें नांव क्वचितच कोठें सांपडतें.

गोंदियाचा प्रदेश या दृष्टीनें बोलका आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील भातशेती, तलाव, तेंदूपानांचीं जंगलें, नवेगाव आणि नागझिरा यांचीं रानें, असा हा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे आली, आणि एक लहानसें ठाणें वाढत वाढत जंक्शनाचें व्यापारी गांव बनलें. 1 मे 1999 रोजीं भंडारा जिल्ह्यांतून हा स्वतंत्र जिल्हा निघाला. रेल्वे आणि तार यांनीं जासुदाचा धंदा बुडविला हें खरें. परंतु पायांचें काम येथें कधींच संपलें नाहीं. रानांतून तेंदूपानांचे पुडे आणणारे, बाजाराला पांच-सात कोस चालत जाणारे, शाळेसाठीं दुसऱ्या गांवाची वाट तुडविणारे पाय येथें पिढ्यान् पिढ्या तयार होत आले. अशा प्रदेशांत धांवणारे निपजावेत यांत नवल नाहीं. नवल असलेंच तर, त्यांना खेळाडू म्हणून ओळखण्यास आम्हांस इतका काळ लागावा, याचें आहे.

हा काळ कां लागला हें समजण्यासाठीं क्षणभर विलायतेकडे वळलें पाहिजे. ज्यास आपण 'हौशी' म्हणतों तो शब्द इंग्रजी 'ॲमॅच्युअर' या शब्दाचा प्रतिनिधि. 1866 सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबच्या प्रारंभींच्या नियमांत नुसता पैशासाठीं धांवणाराच नव्हे, तर कारागीर आणि मजूर हाहि हौशी मानला जात नसे. ज्याचा देह दिवसभर कष्टानें घडतो त्याच्याशीं सभ्य गृहस्थानें बरोबरी करणें अन्यायाचें होईल, असें कारण पुढें करण्यांत येई. खरें कारण उघड होतें: मैदानावर कुळाचा आणि पेढीचा उपयोग नसतो, आणि हरण्याची भीति सर्वांस सारखीच असते. 1880 सालीं नवी ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन निघाली तेव्हां श्रमजीवींवरील ही बंदी गेली. परंतु पैशाचा विटाळ मात्र राहिला, आणि तो दीर्घकाळ राहिला. 1912 च्या ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें मिळविणारा अमेरिकन आदिवासी जिम थॉर्प यानें पूर्वीं बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, एवढ्यावरून 1913 सालीं त्याचीं पदकें काढून घेण्यांत आलीं. तीं परत देण्याचें 1982 सालीं ठरलें. तेव्हां त्याला मरून एकोणतीस वर्षें झालीं होतीं.

आतां आमच्याकडील प्रकार पाहा. 1906 सालीं पुण्यांत डेक्कन जिमखाना निघाला. त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं 1929 सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. जिमखान्याच्या शर्यतींत धांवणारे बहुतेक शेतकरी वर्गांतले असून ते अनवाणी धांवत, आणि तरीहि त्यांच्या वेळा युरोपांतील धांवणाऱ्यांच्या जवळपास येत, हें पाहून आपण चकित झालों, असें टाटा त्यांत सांगतात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हे एका समारंभास आले असतां, या मंडळींस अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवावें अशी कल्पना निघाली, आणि टाटांनीं पदरचे पैसे घालून ती सिद्धीस नेली. अशा रीतीनें 1920 सालीं हिंदुस्थानाचें पहिलें पथक ऑलिंपिकला गेलें. तें कोणा संस्थानिकाच्या पागेंतून निघालें नव्हतें. तें पुण्याच्या रस्त्यांवरील शर्यतींतून निघालें होतें.

त्या पथकांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. 22 ऑगस्ट 1920 रोजीं अँटवर्पची मॅरेथॉन झाली. तिचें अंतर 42.75 किलोमीटर, म्हणजे आज रूढ असलेल्या 42.195 किलोमीटरांहूनहि अधिक होतें. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटें 35.8 सेकंदांत पहिला आला. चौगुले 2 तास 50 मिनिटें 45 सेकंदांत पोंचले. त्यांचा नंबर एकोणिसावा. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. पदक कोणासच मिळालें नाहीं, आणि म्हणून आमच्या क्रीडेतिहासांत या प्रसंगास दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. परंतु विचार केला असतां ही गोष्ट लहान नाहीं. परका मुलूख, परकी हवा, परका रस्ता, आणि मागें शास्त्रीय शिक्षणाची परंपरा नाहीं. अशा स्थितींत विजेत्याच्या मागें अवघ्या अठरा मिनिटांनीं पोंचणें, हें जासुदाच्या वंशाचें जगापुढें झालेलें पहिलें दर्शन होय. फरक एवढाच कीं, या वेळीं धांवणाऱ्याचें नांव लिहून ठेवलें गेलें.

यानंतर महाराष्ट्रांत व्यायामाची चळवळ पुष्कळ वाढली. विदर्भापुरतें बोलावयाचें तर 1914 सालीं अमरावतीस निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें 1936 सालीं आपलें पथक बर्लिनपर्यंत नेलें. परंतु या चळवळींत आखाडा, मल्लखांब, लेझीम आणि कवायत यांना जें स्थान मिळालें, तें रस्त्यावरच्या धांवण्यास मिळालें नाहीं. तें आलें पुढें, 1983 सालीं सुरू झालेल्या पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉननें आणि 2004 सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉननें. या मोठ्या शर्यतींची नक्कल लहान गांवांनीं केली, आणि ती नक्कल हितकारक ठरली. 2014 पासून दरवर्षीं 31 ऑक्टोबरला सरकारी प्रेरणेनें होणारी एकता दौड जिल्ह्याजिल्ह्यांत पोंचली, ती निराळीच.

जिल्ह्याच्या गांवीं अशा शर्यतीच्या पहांटे आरंभरेषेपाशीं दोन प्रकारचीं माणसें उभीं असतात. एक प्रकार डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी यांचा. रक्तांतील साखर आणि वाढतें वजन यांनीं त्यांस घराबाहेर काढलेलें असतें. पायांत चांगले बूट असतात, आणि शर्यत पुरी करून मानपदक घेऊन घरीं जावें एवढीच त्यांची आकांक्षा असते. दुसरा प्रकार खेड्यांतून आलेल्या तरुण-तरुणींचा. हे रोज पहांटे डांबरी रस्त्यावर धांवतात, तें पोलीस किंवा सैन्याच्या भरतीसाठीं. पोलीस भरतींत आज पुरुषांस 1600 मीटर आणि स्त्रियांस 800 मीटर धांवावें लागतें. तेथील एकेका सेकंदावर घरादाराची आशा टांगलेली असते. जून 2014 मध्यें मुंबईंतील भरतीच्या वेळीं 5 किलोमीटरच्या चाचणींत धांवलेले कांहीं तरुण प्राणास मुकले, आणि मग अंतर कमी करण्यांत आलें. हीं मुलें शर्यतींत येतात तीं सरावासाठीं आणि बक्षिसासाठीं. तेव्हां इंग्रजी व्याख्येचा काटा लावला तर हौशी कोण आणि पोटार्थी कोण, हें सांगणें सोपें वाटेल. आमच्या मतें मात्र तो काटाच खोटा आहे.

याचें एक उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक आहे. बारामतीच्या एका शर्यतींत वयाची साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धांवल्या आणि आपल्या गटांत पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचारास पैसे हवे होते, हें त्यांच्या धांवण्याचें कारण. 2020 सालीं त्यांच्याच नांवाचा चित्रपट निघाला, आणि त्यांत त्यांनींच आपली भूमिका केली. लोकांनीं त्यांचें कौतुक केलें तें योग्यच झालें. परंतु त्या कौतुकांत एक प्रश्न दबून राहिला, तो असा कीं, औषधोपचारासाठीं वृद्ध स्त्रीस शर्यत जिंकावी लागावी, ही आनंद मानण्याची गोष्ट आहे काय ? धांवण्याचा सन्मान करतांना धांवण्यास भाग पाडणाऱ्या गरजेचा सन्मान होऊं नये, एवढा विवेक आम्हीं राखला पाहिजे.

मग हौस म्हणजे काय ? पैसा न घेणें ही हौस नव्हे. ज्यास पैशाची गरज नाहीं त्यास तो नाकारण्यांत कसला आला आहे पराक्रम? ज्या अंतरापर्यंत मनुष्यास गरज नेते, त्याच्या पलीकडचें एक पाऊल तो आपखुषीनें टाकतो, तेथें हौस सुरू होते. भरतीसाठीं 1600 मीटर पुरेसे असतांना जो मुलगा दहा किलोमीटरच्या शर्यतींत उतरतो, तो त्या उरलेल्या अंतरापुरता कोणाहि श्रीमंताइतकाच हौशी आहे. आणि साखर उतरावी म्हणून धांवूं लागलेला वकील जेव्हां साखर विसरून केवळ पहांटेच्या गारव्यासाठीं धांवतो, तेव्हां तोहि त्याच पंक्तीस येऊन बसतो.

म्हणून गांवोगांवच्या शर्यतींच्या चालकांस आमची सूचना अशी आहे. बक्षिसाच्या रकमेची त्यांनीं लाज बाळगूं नये. ती जिंकणाऱ्यास वेळेवर आणि पुरी द्यावी. वाटेंत पाणी आणि वैद्य यांची सोय आधीं करावी, मंडपाची आणि भाषणांची मागून. स्त्रियांचे आणि वृद्धांचे गट नांवापुरते ठेवूं नयेत. आणि शेवटचा धांवणारा येईपर्यंत अंतिम रेषेवरचा माणूस उठूं नये. त्यानें त्याचीहि वेळ आणि त्याचेंहि नांव वहींत लिहून घ्यावें. आमच्या इतिहासानें शेंकडों वर्षें धांवणाऱ्यांकडून पत्रें घेतलीं आणि त्यांचीं नांवें टाकून दिलीं. तें ऋण फेडण्यास मोठ्या शहरांची आवश्यकता नाहीं. गोंदियाच्या एखाद्या रस्त्याच्या कडेला मांडलेलें एक टेबल आणि एक वही एवढ्यानेंहि तें फिटूं लागेल.