पेरूचे नाव, स्पेनचे फूल

वनस्पतीला एकदा विधिवत नाव मिळाले, की केवळ ते चुकीचे आहे एवढ्या कारणावरून बदलता येत नाही, असा वनस्पतिशास्त्राचा दंडक आहे. युरोपातील बागांत वसंताच्या आरंभी उमलणाऱ्या निळ्या कंदफुलांच्या बाबतीत या दंडकामुळे असत्याची मोठीच रास साचली आहे. नावावर विश्वासून कंद विकत घेणारा हमखास फसावा अशी स्थिती आहे. या नावांमागील इतिहास मात्र मनोवेधक आहे.

स्वीडनच्या कार्ल लिनीअसने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन लॅटिन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द आपल्या आडनावासारखा प्रजातीचा, दुसरा बाप्तिस्म्याच्या नावासारखा जातीचा. त्या ग्रंथात 'सिला पेरुविआना', म्हणजे पेरू देशाची सिला, असे एक नाव आहे. हाताच्या पंजाएवढा फुलोरा, त्यात पन्नास-शंभर तारकाकृती गर्द निळी फुले, जमिनीलगत पसरलेली रुंद पाने, असे हे देखणे रोपटे. पेरूशी त्याचा सुतराम संबंध नाही. पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि वायव्य आफ्रिका ही त्याची जन्मभूमी होय.

मग पेरू आले कोठून? दोष लिनीअसचा नव्हे. त्याने ते नाव त्याच्या दीडशे वर्षे आधीच्या कॅरोलस क्लूसिअस या थोर वनस्पतिज्ञाकडून उचलले. क्लूसिअसला हे फूल पेरूहून आल्याचे सांगण्यात आले होते आणि १६०१ च्या आपल्या ग्रंथात त्याने ते तसेच नोंदवले. कंद 'पेरू' नावाच्या जहाजातून आले म्हणून घोटाळा झाला, अशी एक आख्यायिका बागकामाच्या पुस्तकांतून वारंवार भेटते. आख्यायिका गोड आहे. पण गोड आहे म्हणूनच ती जपून घ्यावी.

या क्लूसिअसचे आपल्या भूमीशीही एक नाते आहे. १५६४-६५ च्या सुमारास तो स्पेन व पोर्तुगालमध्ये हिंडला. गोव्यात १५६३ साली छापलेला गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ त्याला याच प्रवासात मिळाला. त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद त्याने १५६७ मध्ये अँटवर्पहून प्रसिद्ध केला आणि आपल्या किनाऱ्यावरील औषधींची माहिती साऱ्या युरोपभर पोहोचली. ओर्ता गोव्याच्या बाजारात स्वतः हिंडत असे, वैद्यांना विचारत असे, ऐकीव गोष्ट पारखून घेत असे. (त्याच ओर्ताच्या अस्थी १५८० मध्ये इन्क्विझिशनने उकरून जाळल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.) अशा माणसाच्या ग्रंथाचा अनुवादक एका फुलाच्या बाबतीत मात्र ऐकीव माहितीवर विसंबला, आणि तेही ज्या देशांत ते फूल रानोमाळ उगवते, ते देश पायाखाली घातल्यानंतर!

दुसरी कथा अधिक करुण आहे. जिनिव्हाचा वनस्पतिज्ञ एद्मों ब्वासिए १८४२ साली पश्चिम तुर्कस्तानातील बोझ दागच्या उंच उतारांवर पोहोचला. तेथे वितळत्या बर्फाच्या कडेला त्याला एक निळे फूल आढळले. त्याने १८४४ मध्ये त्याला 'कायोनोडॉक्सा', म्हणजे हिमाचे वैभव, अशी प्रजातीची संज्ञा दिली आणि जातीचे नाव 'ल्युसिलिए' ठेवले; ल्युसील ही त्याची पत्नी. पुढे १८४९ मध्ये, पतीसमवेत स्पेनच्या प्रवासात असताना, ऐन तारुण्यात तिचा अंत झाला. फूल तिचे स्मारक होऊन राहिले.

परंतु बाजाराला स्मारकाचे काय? फरशांचा कारखानदार आणि कंदफुलांचा व्यासंगी असलेला जॉर्ज मॉ हा इंग्रज गृहस्थ १८७७ साली स्मर्नाजवळच्या डोंगरांतून कंद घेऊन आला आणि हिमवैभव इंग्लंडच्या बागांत रुजले. पुढे बागांमध्ये 'ल्युसिलिए' या नावाने जे पसरले ते तिचे फूल नव्हतेच. एका दांड्यावर आठ-दहा निळी फुले आणि मध्ये ठसठशीत पांढरा डोळा असे ज्याचे रूप, ते रोपटे 'फोर्ब्सिआय' अथवा त्याचेच जवळचे भावंड 'सीहेआय' होय. खऱ्या ल्युसिलिएला एका दांड्यावर एक-दोन, क्वचित तीन फुले येतात. ती आकाराने मोठी, रंगाने फिकट जांभळट आणि डोळ्याने लहान असतात. या खऱ्या फुलाला बाजाराने उलट 'जायगँटिया' हे भलतेच नाव चिकटवले. पतीने दिलेले नाव परक्या फुलाने मिरवावे, आणि तिच्या फुलाने परके नाव घेऊन जगावे, हे मला तरी विषण्ण करणारे वाटते. आता पुष्कळ तज्ज्ञ कायोनोडॉक्सा ही प्रजातीच सिलामध्ये विलीन करतात. म्हणजे आडनावही गेले.

तरीही ओळखण्याची खूण सोपी आहे. हिमवैभवाच्या पाकळ्या तळाशी जुळून आखूड नळी होते आणि पुंकेसरांचे चपटे पांढरे तंतू मध्ये एकत्र येऊन शंकूसारखे दिसतात. सिलाच्या पाकळ्या तळापर्यंत सुट्या असतात. 'सिबेरिका' म्हणवणारी, पण वास्तविक दक्षिण रशिया व कॉकेशसकडची सिला तर मान खाली घालून उभी असते आणि तिचे परागकण निळे असतात. तिच्यावरून परतणाऱ्या मधमाशीच्या पायांवर निळ्या पोटल्या दिसतात. इंग्लंडच्या रानातील ब्ल्यूबेलने हायसिंथस, सिला, एन्डिमिऑन, हायसिंथॉइडीस अशी चार आडनावे पालटली. तिचे पराग मलईच्या रंगाचे, आणि फुले वाकलेल्या दांड्याच्या एकाच बाजूस. तिच्या जागी बागेत बहुधा भेटणारी स्पेनची बहीण ताठ असते व तिचे पराग निळसर असतात.

इंग्लंड-कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींनी हे कंद लावायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाणी न साचणाऱ्या मातीत, तीन-चार इंच खोल लावावेत. आणि फुले सरल्यावर पाने पिवळी पडेपर्यंत कापू नयेत, कारण पुढील वर्षाचे अन्न कंदात तीच साठवतात. पेरुविआनाला मात्र कडाका सोसत नाही. तिचा कंद वरच्यावर लावावा व उन्हाळ्यात कोरडा राहू द्यावा. वसईच्या वाडीत यांचा खटाटोप व्यर्थ आहे. हिमवैभवाला काही आठवडे खरी थंडी लागते, आणि ती आपल्याकडे नाही.

आपल्याकडे या घराण्याचा आप्त आहे तो रानातला कोळकांदा. विल्यम रॉक्सबर्गने त्याचे नाव 'सिला इंडिका' असे ठेवले होते. आज त्याला 'ड्रिमिआ इंडिका' म्हणतात. आडनाव बदलले, पण 'इंडिका' हे नाव टिकले आणि ते खरे आहे. पावसापूर्वी, एकही पान नसताना, त्याचा उंच दांडा जमिनीतून वर येतो. फुले मात्र निळी नसतात. मळकट, तपकिरी छटेची असतात आणि रात्री उमलतात.